वहिनीचं पिवळं पिस्तूल

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिंपळे सौदागरच्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही उसवत बसले होते. फोन दादाचा. तो नुसता "मंदे..." म्हणाला आणि पुढं बोलेचना. मी म्हटलं, "दादा, अरे काल तर ती माझ्याशी भांडली!" आता हे काय उत्तर झालं? पण तेच तोंडातून निघालं, कारण खरंच आदल्या दुपारी आमचं चांगलं जोरात वाजलं होतं. डेंग्यूनं तिच्या अंगातलं सगळं पाणी शोषून घेतलेलं, डाव्या हाताला सलाइन, ओठांना भेगा पडलेल्या, आणि उजव्या हातात दवाखान्याच्या टीव्हीचा रिमोट. टीव्ही बंदच होता. ती नुसती रिमोट तोलत होती, अंगठा कुठवर पोचतो ते बघत होती. "वन्सं, हा रिमोट ज्यानं डिझाइन केला त्याला धरून माझ्यासमोर उभा करा," म्हणाली. "सगळं वजन बुडाला. माणूस आधीच आजारी, त्यात ह्यानं मनगट दुखवायचं." मी म्हटलं, "वहिनी, गप पड. तुझ्या प्लेटलेट बघ कुठं गेल्यात." तर म्हणे, "प्लेटलेट डॉक्टर बघायलेत. रिमोटकडं कुणी बघंना गेलंय." शेवटी मी तो रिमोट हिसकावून घेतला, ती फुगून भिंतीकडं तोंड करून झोपली, आणि आमची शेवटची भेट अशी संपली. पण मला त्याचं वाईट वाटत नाही. ती भांडली नसती तर मला तेव्हाच कळलं असतं की आता ही राहत नाही.

तिचं नाव सुलभा. माझ्या थोरल्या भावाची बायको, लातूरकडची. आमचं घर चऱ्होलीचं, पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेलं; आता शेतं सोसायट्यांनी खाल्ली आणि दादाचे पाण्याचे टँकर त्याच सोसायट्यांना पाणी पुरवतात. अशा घरात वहिनी आली ती इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेऊन आणि भोसरीच्या एका कंपनीत नोकरी धरून. तिथं ती गाड्यांच्या दारांचे हँडल डिझाइन करायची. नुसते हँडल! मला सुरुवातीला वाटलं, ही थट्टा करते. पण एकदा तिच्याबरोबर लग्नाला गेलं की कळायचं. मांडवात शिरायच्या आधी ही बाई पार्किंगमधून चालली, प्रत्येक गाडीचं हँडल ओढून बघत. एकदा तर एका कार्यालयाच्या रखवालदारानं तिला चोर म्हणून धरलं. अंगावर पैठणी, नाकात नथ, आणि ही त्या रखवालदारालाच समजावतेय की बघा भाऊ, ह्या हँडलमध्ये बाईचं नख अडकतं, कारण करणाऱ्यानं पुरुषाचा पंजा धरलाय! रखवालदारानं हात जोडले. दादा लाजून आत पळाला. मी मात्र पोट धरून हसत होते, आणि त्या दिवसापासून आमची जमली ती जमलीच.

आईला मात्र तिचं काम कधी कळलं नाही. आई म्हणजे माझी आई, वहिनीची सासू. कुणी विचारलं, "सून काय करते?" की आई म्हणायची, "जाती कंपनीत." झालं. त्यापुढं एक शब्द नाही. वहिनीनं चार वेळा समजावलं, गाडीजवळ नेऊन दाखवलं. आई म्हणायची, "व्हय, व्हय, दाराची कडी. आमच्या सुतारानं बी केल्यात." वहिनी हसण्यावारी न्यायची. पण मी तिची नणंद आहे, मला दिसायचं. ते तिला लागायचं. बाहेरच्या हजार माणसांनी वाहवा केली तरी घरातल्या एका म्हातारीनं "चांगलं केलंस गं" म्हणावं ही हौस काही जात नाही बायकांची... माझीही गेली नाही.

मग तिची कंपनी दुसऱ्या राज्यात गेली आणि पन्नाशीला टेकलेली वहिनी घरी आली. ह्याच सुमारास दादानं नदीकडची आमची पडीक जमीन एका पेंटबॉलवाल्याला भाड्यानं दिली होती. शनिवार-रविवार हिंजवडीकडची आयटीवाली पोरं यायची, तोंडावर मुखवटे चढवायची, टायरांच्या ढिगाआड लपायची आणि एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायची. आई बांधावरून बघायची आणि म्हणायची, "पैसं दिऊन मार खाया येत्यात, काय येडी का काय!" वहिनीनं तिथली बंदूक हातात घेतली, वर गोळ्यांचा तो मोठा गोल डबा, एका बाजूला गॅसचं नळकांडं, आणि तिनं नाक मुरडलं. "ही बंदूक नाही, हा मिक्सर आहे." पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. बिघडलेल्या बंदुका दुरुस्त करायला लागली. तिथंच एकदा एक निवृत्त सुभेदारसाहेब आले होते. महाळुंग्यात ते सिक्युरिटी गार्ड लोकांना शिकवायची संस्था चालवतात. ते म्हणाले, "बाई, माझ्या पोरांना सरावाला असलं रंगाचं पिस्तूल पाहिजे, पण हा भोपळा नको. खऱ्यासारखं, कमरेला बसेल असं. करता येईल?" वहिनी त्यांना विचार करून सांगते म्हणाली. घरी येऊन म्हणाली, "वन्सं, मी करणार हे. मला करायचंच आहे."

का करायचं होतं, ते तिनं मला नंतर सांगितलं. चाकणला तिच्याबरोबर काही सामान आणायला गेले होते आणि आम्ही नेहमीप्रमाणं तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पडलो होतो. ह्या पट्ट्यातल्या माणसांची मनातली सगळी बोलणी ट्रॅफिकमध्येच होतात, दुसरीकडं वेळ कुणाला आहे? तिचे वडील लातूरला एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहायचे. नोकरीला लागले त्या दिवशी कुणीतरी बंदूक हातात दिली, कशी धरायची ते दाखवलं, संपलं शिक्षण. एकदा बँकेसमोरून वरात जात होती, फटाका फुटला. बाबा दचकून वळले. समोर दारात पासबुक घेऊन आलेली एक बाई. बाबांनी चाप ओढला. "बंदूक भरलेली नव्हती म्हणून..." वहिनी म्हणाली आणि थांबली. पुढचा ट्रक हलला, आमची गाडी हलली, पुन्हा थांबली. "घरी आले, ताटावर बसले, उठून गेले. आईला म्हणाले, मी आज एका बाईला मारलं. त्यानंतर रिटायर होईपर्यंत ती बंदूक ते काखेत साप धरावा तशी धरायचे. वन्सं, बाबांची काय चूक? त्यांच्या हाताला कुणी शिकवलंच नव्हतं. हाताला चुकायला जागा पाहिजे ना कुठंतरी. चुकलं तर रंग लागावा... एवढंच."  

तर असं ते पिस्तूल सुरू झालं. महाळुंग्यात एका शेडमधला कोपरा तिनं घेतला, एक टेबल, एक कॉम्प्युटर, प्लास्टिकचे नमुने छापायचं एक यंत्र. पहिली अडचण गोळीची. नेहमीची रंगाची गोळी आवळ्याएवढी. तेवढ्या गोळ्या मुठीत बसवायच्या म्हटल्यावर पिस्तुलाची मूठ खलबत्त्यासारखी जाड होणार. मग तिनं परदेशातली बारकी गोळी शोधली, करवंदाएवढी. करवंद मुठीत बसतं. पण त्याच मुठीत सोडा मशीनला असते तसली बोटाएवढी गॅसची नळीही बसवायची. गोळ्या पुढं की नळी पुढं, ह्यावर तिचा दिवस जायचा. आणि त्या गोळ्या म्हणजे काय नखरे! पावसाळी हवेत फुगायच्या, एकमेकींना चिकटायच्या. म्हणून वहिनीनं त्या आईच्या तांदळाच्या डब्यात ठेवल्या, तांदूळ ओल शोषतो म्हणून. आईनं डबा उघडला, लाल-निळ्या गोळ्या बघितल्या, आणि खाऊ समजून शेजारच्या काकू आल्या होत्या त्यांच्या हातावर कौतुकानं दोन ठेवल्या. काकूंनी चावली. तोंडातून निळा रंग ओघळायला लागल्यावर आईनं जी बोंब ठोकली, ती पार नदीपर्यंत गेली असणार. वहिनी मात्र काकूंची चूळ भरून झाल्यावर विचारते, "फुटायला कडक होती का हो?"

आणि मूठ. मुठीचं घोडं कुठंच पुढं जात नव्हतं. पुस्तकातली मापं घेऊन केलेली मूठ सुभेदारसाहेबांना बसायची, गार्ड लोकांना बसायची नाही. हे गार्ड म्हणजे बीड, परभणी, नांदेडकडून आलेली बारीक अंगाची माणसं, त्यात बायकाही. वहिनी वैतागली होती. त्या दिवशी मी माहेरी होते आणि ती मेथीची मुटकुळी करत होती. ज्यांनी खाल्ली नसतील त्यांच्यासाठी सांगते, पीठ मळायचं, गोळा मुठीत घ्यायचा आणि घट्ट दाबायचा, बोटांचे वळ तसेच राहतात, मग वाफवायचं. वहिनीनं एक दाबलं, चाळणीत ठेवलं आणि तिथंच थांबली. माझ्याकडं बघितलं. "वन्सं, हात धुवा आणि एक दाबा." मी दाबलं. मग दादाला बोलावलं, "अहो, इकडं या, दाबा." मग आई. आई म्हणाली, "मी सकाळधरनं धा कामं केली, आता तुजं पीठ बी दाबू व्हय?" पण दाबलं. ओट्यावर सगळ्यांच्या मुठी ओळीनं मांडलेल्या... त्या दिवशी मुटकुळी कुणाला मिळाली नाहीत. वहिनीनं ती उचलली, मोजमापं घेतली, फोटो काढले, आणि दुसऱ्या दिवशी परातभर कणीक घेऊन महाळुंग्याला गेली. तिथं संस्थेतल्या एकेका गार्डकडून तिनं मुटकुळं दाबून घेतलं. आई धुसफुसत होती, "पिठाचं वाटुळं केलं नुसतं." पण तिचं पिस्तूल हाताला बसलं ते ह्या मुटकुळ्यांमुळं. मी पहिल्यांदा धरलं तेव्हा दचकले. वाटलं, माझ्यासाठीच केलंय. प्रत्येकालाच तसं वाटायचं.

पहिला नमुना तयार झाला. आत पांढरं प्लास्टिक, वरून काळा रंग मारलेला, वजन हुबेहूब. इतकं हुबेहूब की सुभेदारसाहेबांनी ते हातात घेऊन सवयीनं आधी भरलेलं आहे का ते तपासलं. वहिनी त्या दिवशी अशी खुश होती, की मला दुकानात येऊन मिठी मारली. आणि तिथंच आमच्या घरची अक्कल आडवी आली. चुलत भावाच्या मुलीची हळद होती. चऱ्होलीतली हळद म्हणजे काय सांगू... डीजे, गुलाबी लायटिंग, पिवळेधमक झालेले पुरुष, आणि जो तो जणू उद्या निवडणुकीला उभा राहणार. आमच्या दादानं काय करावं? ह्या साठीला आलेल्या माणसानं, गावातल्या मोठ्या माणसानं, वहिनीच्या कपाटातून ते पिस्तूल काढलं, कमरेला खोचलं, आणि डीजेसमोर नाचताना हवेत उंच धरलं! हळदीनं माखलेला हात, त्यात काळं पिस्तूल. दहा मोबाइल वर झाले. "भाऊ! भाऊ!" असा गलका. आणि ते सगळं ज्याच्या-त्याच्या स्टेटसला. मी तिथंच होते, मी ओरडले, "दादा, खाली घे ते!" पण डीजेच्या आवाजात कोण ऐकतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पोलिस. दादाला गाडीत बसवून नेला. हळद अंगावर तशीच. वहिनी आणि मी मागून रिक्षानं ठाण्यात गेलो. वहिनीनं कागद दाखवले, सुभेदारसाहेबांना फोन लावून दिला, पिस्तूल उघडून आतली गॅसची नळी, करवंदाएवढ्या गोळ्या, सगळं दाखवलं. ठाण्यातला पोलिस साहेब शांत माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पिस्तूल हातात घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. म्हणाला, "मॅडम, खोटं आहे हे मान्य. सोडतो ह्यांना. पण मी वीस-पंचवीस वर्षं हेच बघतोय, आणि हे खोटं आहे हे हातात घेऊन कळायला मला मिनिट लागलं. रस्त्यावर अंधारात माझ्या एखाद्या शिपायासमोर हे कुणी धरलं, तर त्याला ते मिनिट मिळणार नाही. तो गोळी घालेल. आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही."  वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. मला तेव्हा वाटलं होतं, पोलिसांना घाबरली. नाही. तिला दिसलं होतं की जे होऊ नये म्हणून ती राबत होती, तेच तिच्या हातच्या वस्तूनं झालं असतं, आणि समोर तिचाच नवरा असता.

घरी आल्यावर आईनं तोफ कुणावर डागावी? पिस्तूल नाचवणाऱ्या लेकावर? छे! "माज्या दारात पोलिस आलं ते तुज्यापायी," आई वहिनीला म्हणाली. "बायामाणसानं बंदुका करायच्या व्हय? कड्या करत व्हतीस ते बरं व्हतं." वहिनीनं ऐकून घेतलं. मी आईशी भांडले, कडाकडा भांडले, पण आईला एकदा धरलेलं सुटत नाही. त्यानंतर आई वहिनीशी बोलेनाशी झाली. ताट वाढून पुढं सरकवायची, तोंड दुसरीकडं. आणि वहिनीनं शेडला कुलूप लावलं. सुभेदारसाहेब घरी येऊन म्हणाले, "बाई, एवढं काय मनाला लावून घेता? टोकाला नारिंगी पट्टी मारा, खोटं ओळखायला जग तेच करतं." वहिनी म्हणाली, "साहेब, टोक हातानं झाकता येतं. ह्यांनी तेच केलं असतं." दादा बिचारा मान खाली घालून चहा ढवळत होता, साखर विरघळून गेली तरी ढवळत होता.

ठाण्यातून पिस्तूल परत आलं ते हळदीनं माखलेलं. तेलातली हळद, खाचाखाचांत शिरलेली. वहिनीनं लिंबू लावलं, साबण लावला, जाईना. मग मागच्या अंगणात बसून तिनं थिनरचा बोळा फिरवला. आणि घात झाला! थिनरनं वरचा काळा रंग उतरला, खालचं पांढरं प्लास्टिक उघडं पडलं, आणि हळद त्या थिनरमध्ये विरघळून सगळीकडं पसरली, प्लास्टिकच्या पार आत मुरली. जितकं पुसावं तितकं पिवळं. मी दारात उभी होते. म्हटलं, "वहिनी, गेलं गं तुझं पिस्तूल." ती ते उन्हात धरून बघत होती. आंब्याच्या पेटीतल्या हापूससारखं पिवळं. तेवढ्यात दादा मोरीकडं चालला होता. तिनं ते सरळ त्याच्यावर रोखलं. दादा क्षणभर थबकला आणि फिसकन हसला. "हसलात का?" वहिनी कडक आवाजात. "अगं, हसू नको तर काय करू? हळद लागलेल्या नवरदेवासारखं दिसतंय." वहिनी उठली, पिस्तूल त्याच्या हातात दिलं. "आता डोळे मिटा." दादानं मिटले. त्याचं हसू उतरलं. "खरं आहे गं," म्हणाला, "हाताला खरंच आहे." वहिनी माझ्याकडं वळली. कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत रखवालदाराशी वाद घालतानाचं ते तेज दिसलं. "वन्सं, सापडलं! हाताला खरं, डोळ्याला खोटं. टोक नाही, पट्टी नाही. आतल्या प्लास्टिकलाच हा रंग. खरवडा, घासा, जाळा, पिवळं ते पिवळंच."

सुभेदारसाहेबांना ते रुचलं नाही. "बाई, गार्ड लोक हसतील." वहिनी म्हणाली, "हसू द्या की. घाबरण्यापेक्षा बरं." ते म्हणाले, "निदान गडद निळं तरी करा." तिनं हातातली पर्स उचलली. "पिवळं घ्यायचं तर घ्या, नाहीतर मी आपली परत दाराचे हँडल करते, त्यात माझं काही अडलेलं नाही." अडलेलं होतं, सगळंच अडलेलं होतं, पण ती असं बोलायची की समोरच्याला खरं वाटावं. सुभेदार हरले. पिवळी पिस्तुलं त्यांच्या संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली, पहिल्या दिवशी गार्ड लोक हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना रंग दिसेनासा झाला. पुढं तिनं त्यात कितीदा बदल केले त्याला गणती नाही. माझ्या दुकानात यायची, मशीनवर बसलेल्या माझ्या पोरींच्या हातात नवी मूठ द्यायची, "दाब गं, कुठं टोचतंय?" गिऱ्हाइकं घाबरायची आधी, मग पिवळा रंग बघून हसायची, मग स्वतःच हात पुढं करायची. माझ्या कात्रीलाही तिनं मूठ करून दिली. आता मी कापड कापायला बसते आणि बोटं आपोआप तिनं ठरवलेल्या जागी जाऊन बसतात... कधीकधी मग कापायचं राहून जातं.

आईचा अबोला यथावकाश संपला. म्हणजे "मीठ दे", "दार लाव" इथवर. पण पिस्तुलाचं नाव घरात निघालं की आई उठून जायची. वहिनी म्हणायची, "राहू द्या वन्सं. त्यांना ते बघायचंच नाही, तर मी कसं दाखवू?" ती गेली तेव्हा आई खूप रडली. सून म्हणून रडली. घरची लक्ष्मी गेली, लेकाचं कसं होणार म्हणून रडली. तिच्या कामासाठी कोण रडणार? मला तेवढा एक राग आईवर राहिला, आणि दिवसकार्याच्या गर्दीतही तो जात नव्हता.

महिनाभरानं सुभेदारसाहेबांचा फोन आला. संस्थेत बाईंचा फोटो लावतोय, घरच्यांनी यावं. दादा, मी आणि आई गेलो. आईला यायचं नव्हतं, पण घरी एकटी कशी ठेवायची. पत्र्याची मोठी शेड, आत प्लायवूडनं उभी केलेली खोटी बँक, काउंटर, दरवाजे. सराव चालू होता. आम्ही जाळीच्या अलीकडं खुर्च्यांवर. पलीकडं जायचं तर आधी डोळ्यांचा मुखवटा, हा तिथला पहिला नियम, कारण अंगावर बसली तर गोळीनं वळ उठतो, पण जवळून डोळ्यावर बसली तर डोळा गेला. फोटोला हार घातला, भाषणं सुरू झाली, आणि माझ्या लक्षात आलं, शेजारची खुर्ची रिकामी आहे. आई मोरी शोधत उठली होती आणि चुकून प्लायवूडचं दार ढकलून थेट त्या खोट्या बँकेत शिरली होती. मुखवटा नाही, काही नाही. दाराचा धाडकन आवाज झाला. आत पाठमोरी उभी असलेली एक गार्ड मुलगी गर्रकन वळली, दोन्ही हातांत पिवळं पिस्तूल, नळी सरळ आईच्या तोंडावर. मी किंचाळले. दादा उठला तो खुर्ची पाडून.

काहीच झालं नाही. आई डोक्यावरचा पदर धरून उभी, मुलगी पिस्तूल रोखून उभी, दोघी एकमेकींकडं बघताहेत. मग मुलीनं नळी हळूच खाली केली आणि मुखवटा वर सरकवला.  "आजी, तुमी हितं कशा आलात?" आम्ही धावत पोचलो तोवर आईनं तिचा दंड धरला होता.

"घाबरलीस व्हय गं?"

"व्हय आजी. लई."

"मग मारलं का न्हाईस?"

त्या मुलीनं पिस्तूल आडवं करून दाखवलं. चापाच्या वर, बाजूच्या अंगाला, वहिनीनं बोटाला टेकायला एक खोबण केली होती. पिस्तूल हातात आलं की बोट आपसूक तिथं जाऊन बसतं. तिथून ते चापावर न्यायचं तर मुद्दाम न्यावं लागतं. "बोट हितंच ऱ्हायलं माजं," मुलगी म्हणाली. "सवय झालीय त्याला."

आईनं ते पिस्तूल तिच्या हातातून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून मुठीवर बसवली, आणि पहिलं बोट त्या खोबणीत ठेवलं.  सुभेदार काही बोलणार होते, मी त्यांना हातानंच थांबवलं. मग आई त्या मुलीला म्हणाली, सगळ्या शेडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "माज्या सुनंनं केलंय हे."

मुलीचा चेहरा उजळला. ती नव्या तुकडीतली, फोटोला हार घालताना आत सरावातच होती, तिला कुणी सांगितलं नसावं. "खरंच? मग त्या कुटं हायत? आल्यात का आज?"

आईनं पिस्तूल तिच्या हातात परत दिलं, तिची बोटं नीट मिटवून दिली.

"न्हाई गं," आई म्हणाली. "यायला आमालाच उशीर झाला."